परीक्षेचे तीन तास आणि घराची झांकली मूठ

निकाल लागतात, प्रवेशाच्या याद्या लागतात, आणि घराघरांतून पुढील तीन-चार वर्षांचे बेत सुरू होतात. कोणत्या शाखेस जावें, वसतिगृहांत राहावें कीं मावशीकडे, डबा कोठून आणावा, या प्रत्येक गोष्टीचा आपल्याकडील वडील मंडळी मोठ्या बारकाईनें खल करतात. तो करावा हें योग्यच. परंतु ज्या घरांतील मुलाला फळ्यावरील अक्षर दिसत नाहीं, मुलीला डाव्या बाजूनें बोललेलें ऐकूं येत नाहीं, पुतण्याचा हात लिहितां लिहितां आखडतो, किंवा भाचीला थॅलॅसीमियामुळें दर तीन-चार आठवड्यांनीं रुग्णालयांत जाऊन रक्त घ्यावें लागतें, त्या घरांत एक प्रश्न बहुधा कोणी काढीतच नाहीं. ही अडचण महाविद्यालयास लेखी कळवावयाची कीं नाहीं, आणि कळवावयाची तर काय मागावयाचें, हा तो प्रश्न होय. या वेळच्या सदरांत त्याचाच विचार करण्याचें योजिलें आहे.

प्रश्न निघत नाहीं याचें कारण निष्काळजीपणा खास नव्हे. अशा मुलाची एकत्र कुटुंबांत जितकी काळजी वाहिली जाते तितकी दुसरीकडे क्वचितच वाहिली जात असेल. आजोबा त्याला धडा मोठ्यानें वाचून दाखवितात. काकू वही उतरवून देते. थोरला भाऊ शिकवणीस पोंचवितो व घेऊन येतो. आणि मुलीशीं बोलावयाचें तर सर्वजण आपण होऊन तिच्या उजव्या बाजूस येऊन बसतात. हें इतकें अंगवळणीं पडलेलें असतें कीं आपण कांहीं विशेष सोय करीत आहों असें कोणाच्या मनांतहि येत नाहीं. मूल शाळेंत बरे गुण मिळवितें, आणि "आमच्याकडे तसें कांहीं नाहीं हो," असें म्हणावयास घर मोकळें राहतें. पुढें महाविद्यालय येतें. तेथें एका वर्गांत शंभर-सव्वाशें विद्यार्थी बसतात, प्राध्यापक तासागणिक बदलतात, आणि परीक्षेच्या दालनाच्या दारापाशीं काकूंना थांबावें लागतें. घरानें इतकीं वर्षें मुकाट्यानें केलेली सोय त्या दारापाशीं संपते. तेथून पुढें ती मागावी लागते, आणि मागावयाची तर अडचणीचें नांव घ्यावें लागतें.

नांव घेणें हेंच आपणांस जड जातें. झांकली मूठ सव्वा लाखाची, हें आपलें जुनें धोरण. मोठ्या बहिणीचें लग्न व्हावयाचें आहे, धाकट्याचें पुढें व्हावयाचें आहे. कागदोपत्रीं 'अपंग' हा शब्द एकदां चढला म्हणजे चार ठिकाणीं चर्चा होईल. त्यापेक्षां थोडे गुण कमी पडले तर पडोत, असा हिशेब बोलून न दाखवितां केला जातो. या हिशेबांत एक मोठी खोट आहे. मूठ झांकल्यानें जें वांचतें तें साऱ्या घराचें, आणि जें जातें तें एकट्या त्या मुलाचें. तीन तासांच्या पेपरांत ज्याच्या हातून दोन तासांपुरतेंच लिहून झालें, त्याच्या गुणपत्रिकेवर 'याचा हात आखडत होता' असें कोठेंहि लिहिलेलें नसतें. तेथें कमी गुण तेवढे दिसतात, आणि बुद्धि कमी असा त्यांचा अर्थ जग लावून मोकळें होतें. हाताचा दोष लपविण्याच्या नादांत आपण तो बुद्धीवर ओढवून घेतों. आणि सर्वांत वाईट हें कीं चार-सहा परीक्षांनंतर त्या मुलालाहि तें खरें वाटूं लागतें.

"पण इतरांना तीन तास आणि याला चार, हा अन्याय नव्हे काय?" असें विचारणारे सज्जन महाविद्यालयांत असतात तसे घरांतहि असतात. त्यांनीं आपल्याच घरची पंगत आठवावी. सर्वजण पाटावर बसतात. गुडघे धरलेल्या आजोबांना मात्र खुर्ची-टेबल मांडतात. म्हणून आजोबांच्या ताटांत तूप अधिक पडतें अशी तक्रार कोणी केल्याचें ऐकिवांत नाहीं. वाढप सर्वांस सारखेंच, बसण्याची तऱ्हा तेवढी निराळी. आपल्या धर्मशास्त्रानेंहि उपवासादि नियम सांगतांना बाल, वृद्ध आणि आतुर यांस सूट ठेविली आहे. महाभारताच्या वनपर्वांतील अष्टावक्राची कथा तर सर्वांस ठाऊक आहे. आठ ठिकाणीं वांकडें शरीर घेऊन तो जनकाच्या यज्ञमंडपाशीं गेला, तेव्हां द्वारपालानें त्याला लहान मूल म्हणून अडविलें. अष्टावक्रानें तेथें हुज्जत घातली ती आंत जाऊं द्यावें एवढ्यासाठीं. आंत गेल्यावर बंदीशीं झालेला वाद त्यानें इतर कोणाहि पंडिताप्रमाणेंच केला व जिंकला. परीक्षेंतील सोयीचें मर्म या कथेंत आहे. प्रश्न तेच राहतात, तपासणीची कसोटीहि तीच राहते. विद्यार्थी आणि प्रश्नपत्रिका यांच्यामध्यें जो अडसर पडला आहे तेवढा बाजूस काढावयाचा असतो.

हा अडसर कोणता, हें मात्र ज्याचें त्यालाच नीट सांगतां येतें. या बाबतींत एक जुनें उदाहरण उद्बोधक आहे. अमेरिकेंतील हेलन केलर या अंध व बधिर विद्यार्थिनीनें १८९९ सालीं रॅडक्लिफ महाविद्यालयाची प्रवेशपरीक्षा दिली. तिच्यासाठीं प्रश्नपत्रिका ब्रेल लिपींत उतरवून घेण्यांत आल्या होत्या; वरवर पाहतां सोय पूर्ण होती. परंतु त्या काळीं ब्रेलच्या निरनिराळ्या पद्धति प्रचारांत होत्या. बीजगणित ती इंग्लंडांतील पद्धतीच्या चिन्हांनीं शिकलेली, आणि प्रश्नपत्रिका उतरविल्या जाणार होत्या अमेरिकन पद्धतीनें. परीक्षेस दोन दिवस उरले असतां ही गोष्ट ध्यानांत आली, आणि चिन्हांचा तक्ता मागवून आदल्या रात्रींपर्यंत तिला तो घोकावा लागला. ती उत्तीर्ण झाली आणि १९०४ सालीं पदवीधरहि झाली. तथापि त्या प्रसंगाचा मनस्ताप तिनें आत्मचरित्रांत नमूद केला आहे. "तुला कोणतीं चिन्हें येतात?" एवढें जर कोणीं तिला आधीं विचारलें असतें, तर तें सर्व टळलें असतें. पुढें १९६२ सालीं त्याच देशांत, पोलिओनें मानेखालीं पंगु झालेला एड रॉबर्ट्स हा विद्यार्थी कॅलिफोर्नियांतील बर्कले विद्यापीठांत दाखल झाला. रात्रीं श्वास चालावा म्हणून त्याला एका अवजड लोखंडी यंत्रांत निजावें लागे, आणि तें यंत्र वसतिगृहाच्या खोलींत ठेवणें शक्य नव्हतें. तेव्हां विद्यापीठाच्या रुग्णालयांतच त्याच्या राहण्याची व्यवस्था झाली. त्याच्या मागून तसे आणखी विद्यार्थी आले, आणि त्यांच्याच खटपटीनें १९७० च्या सुमारास तेथें अपंग विद्यार्थ्यांसाठीं स्वतंत्र व्यवस्था उभी राहिली.

आपल्या देशांत ही गोष्ट आतां कोणाच्या मर्जीवर अवलंबून राहिलेली नाहीं. १९९५ च्या कायद्यांत अपंगत्वाचे ७ प्रकार मानले होते. १९ एप्रिल २०१७ पासून अमलांत आलेल्या २०१६ च्या दिव्यांग व्यक्ति हक्क अधिनियमांत ते २१ झाले. अंधत्व, अल्पदृष्टि, श्रवणदोष व अस्थिव्यंग यांच्याबरोबर वाचन-लेखनांतील विशिष्ट अध्ययन-अक्षमता, स्वमग्नता, मानसिक आजार, थॅलॅसीमिया व हिमोफिलिया हेहि त्यांत येतात. शासनाचें अनुदान वा मान्यता असलेल्या शिक्षणसंस्थांनीं विद्यार्थ्याच्या गरजेप्रमाणें वाजवी सोय करून द्यावी असें हा कायदा सांगतो, आणि अशी सोय नाकारणें याची गणना तो भेदभावांत करतो. ४० टक्के वा अधिक अपंगत्व प्रमाणित झालेल्यांसाठीं शासकीय व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान ५ टक्के जागा राखून ठेविल्या आहेत. 'वाजवी' या शब्दाला अर्थातच मर्यादा आहे. संस्थेवर अवाजवी भार पडेल अशी मागणी मान्य होईलच असें नाहीं. केंद्र शासनानें २९ ऑगस्ट २०१८ रोजीं लेखी परीक्षांविषयीं सूचना काढल्या, त्यांत 'जादा वेळ' हा शब्द टाकून 'भरपाईचा वेळ' म्हणावें असें सांगितलें. हा शब्दबदल वडील मंडळींनीं ध्यानांत घेण्यासारखा आहे. जादा म्हणजे हक्काहून अधिक. भरपाई म्हणजे जें आधींच गेलें तें परत देणें. ही भरपाई दर तासास किमान २० मिनिटें, म्हणजे तीन तासांच्या पेपरास एक तास, अशी आहे.

या कायद्याचा अर्थ न्यायालयांत जाऊन लावून घेणारे विद्यार्थीच होते. विकास कुमार या वैद्यकीय पदवीधरास लिहितांना हात आखडण्याची व्याधि होती. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या २०१८ च्या परीक्षेसाठीं त्यांनीं लेखनिक मागितला, तो नाकारला गेला. सर्वोच्च न्यायालयानें ११ फेब्रुवारी २०२१ रोजीं निकाल दिला कीं लेखनिकाची सोय ४० टक्के अपंगत्व असलेल्यांपुरतीच मर्यादित करतां येत नाहीं, आणि कोणती सोय द्यावयाची हें त्या व्यक्तीशीं विचारविनिमय करून ठरवावें. कोणी या सवलतीचा गैरवापर करील ही शंका खऱ्या गरजवंतास विन्मुख पाठविण्यास पुरेशी नाहीं, हेंहि न्यायालयानें स्पष्ट केलें. त्यास अनुसरून शासनानें १० ऑगस्ट २०२२ रोजीं ४० टक्क्यांहून कमी अपंगत्व असलेल्या पण लिहिण्यास अडचण पडणाऱ्या उमेदवारांसाठीं निराळ्या सूचना काढल्या. दुसरा खटला लेखन-अक्षमता असलेल्या एका विद्यार्थिनीचा. २०२१ च्या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेंत तिला हक्काचा एक तास मिळाला नाहीं. नेहमीची वेळ संपतांच उत्तरपत्रिका काढून घेण्यांत आली. सर्वोच्च न्यायालयानें नोव्हेंबर २०२१ मध्यें तिच्यावर अन्याय झाल्याचें मान्य केलें, परीक्षा घेणाऱ्या संस्थेस त्याचें परिमार्जन करण्याचा विचार करावयास सांगितलें. परंतु फेरपरीक्षेचा आदेश मात्र दिला नाहीं. हक्क मान्य झाला, पण गेलेला तास तसाच्या तसा परत आला नाहीं. म्हणून या बाबतींत वेळेवर मागणें व लेखी उत्तर हातीं असणें याला फार महत्त्व आहे.

तें मागावें कसें, हें आतां सांगतों. पहिलें काम प्रमाणपत्राचें. शासनाच्या 'स्वावलंबन' या संकेतस्थळावर अर्ज केल्यावर शासनानें नेमलेल्या रुग्णालयांत तपासणी होते, आणि प्रमाणपत्र व ओळखपत्र मिळतें. यास महिने लागूं शकतात. तेव्हां बारावीचा निकाल लागण्याची वाट पाहूं नये. दुसरें काम आपली अडचण नेमकी ओळखण्याचें. 'हिला कमी दिसतें' एवढ्यानें कोणास कांहीं करतां येत नाहीं. कोणतें अक्षर किती अंतरावरून दिसतें, किती वेळानें डोळे शिणतात, घरीं कोणत्या युक्तीनें वाचतां येतें, हें आठ दिवस लिहून ठेवावें. तिसरें काम अर्जाचें. तो प्रवेशानंतर पहिल्या महिन्यांतच द्यावा, परीक्षेच्या सुमारास पुन्हां आठवण द्यावी, आणि पोंच घ्यावी. अर्जाचा एक नमुना देतों.

"मा. परीक्षा नियंत्रक यांस. महोदय, मी प्रथम वर्ष कला शाखेची विद्यार्थिनी आहें. मला जन्मापासून अल्पदृष्टि असून त्यासंबंधींचें शासकीय प्रमाणपत्र सोबत जोडलें आहे. बारीक अक्षर वाचण्यास मला इतरांहून बराच अधिक वेळ लागतो, व पाऊण तासानंतर डोळे शिणून अक्षरें अस्पष्ट होतात. यास्तव पुढील सोयी मिळाव्या : (१) मोठ्या व ठळक अक्षरांतील प्रश्नपत्रिका, (२) दर तासास २० मिनिटें भरपाईचा वेळ, (३) चांगल्या उजेडाची जागा. बारावीच्या परीक्षेंत पहिल्या दोन सोयी मला मिळाल्या होत्या. त्याचें पत्र जोडलें आहे. याहून निराळी व्यवस्था आपणांस सुचवावयाची असल्यास समक्ष येऊन बोलण्यास मी तयार आहें. माझ्या अडचणीची माहिती ज्यांना कळणें जरूर आहे त्यांनाच द्यावी, ही विनंती. लेखी उत्तराची प्रतीक्षा करीत आहें."

या अर्जांत दुःखाची कहाणी नाहीं, आणि 'आपण कृपावंत होऊन' असेंहि कोठें म्हटलेलें नाहीं. अडचण, पुरावा, मागणी आणि बोलण्याची तयारी, एवढेंच त्यांत आहे. परीक्षेखेरीज इतर गोष्टींविषयीं असाच अर्ज प्राचार्यांकडे करावा : तळमजल्यावरचा वर्ग, पुढच्या बाकावरची जागा, प्राध्यापकांनीं विद्यार्थ्यांकडे तोंड करून बोलणें, टिपणें संगणकावर मोठीं करून किंवा ऐकून वाचतां येतील अशा रूपांत मिळणें, रुग्णालयाच्या दिवसांची गैरहजेरी माफ होणें. यांतील पुष्कळ गोष्टींस एक पैहि खर्च येत नाहीं. पाठ्यपुस्तकें अंधांना वाचतां येतील अशा रूपांत आणण्यास २०१२ च्या दुरुस्तीनंतर लेखाधिकाराचा कायदाहि आड येत नाहीं. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयांत २००३ सालीं दृष्टिहीनांसाठीं संसाधन-केंद्र निघालें, तें अशाच कामासाठीं. अर्जास उत्तर न आल्यास महाविद्यालयाचा समान संधि कक्ष किंवा तक्रार निवारण अधिकारी असेल त्यांस भेटावें. तेथेंहि दाद न लागल्यास पुण्यास दिव्यांगांसाठींच्या राज्य आयुक्तांचें कार्यालय आहे.

अर्जावर सही विद्यार्थ्याचीच असावी, आणि कार्यालयांत बोलावयाचें तेंहि त्यानेंच. येथें आमच्या वडील मंडळींस थोडा संयम करावा लागेल. "तूं थांब, मी बोलतों," असें म्हणून बाबा किंवा काका पुढें सरसावतात तें प्रेमापोटींच. परंतु त्यामुळें मुलाला आपली गरज स्वतःच्या तोंडानें सांगण्याची संवय लागत नाहीं. ज्यांचीं मुलें पुढील शिक्षणास परदेशीं जातात त्यांनीं तर हें विशेष लक्षांत घ्यावें. अमेरिकेंत १९७३ व १९९० च्या कायद्यांनीं अपंग विद्यार्थ्यांस असे हक्क दिले आहेत आणि विद्यापीठांतून त्यासाठीं स्वतंत्र कार्यालयें आहेत. पण त्या कार्यालयाकडे विद्यार्थ्यानें स्वतः होऊन जावें लागतें. त्याला कोणी शोधीत येत नाहीं, आणि सज्ञान विद्यार्थ्याच्या संमतीवांचून त्याची माहिती आईबापांसहि देत नाहींत. नागपुराहून वा ठाण्याहून केलेला काकांचा दूरध्वनि तेथें उपयोगीं पडत नाहीं.

राहतां राहिली लग्नाची गोष्ट. ती भीति निराधार आहे असें म्हणून आम्ही कोणाची फसवणूक करणार नाहीं. नांवें ठेवणारीं माणसें आपल्या समाजांत अजून आहेत. परंतु लपविलेली गोष्ट पुढें उघडकीस आली म्हणजे होणारा बोभाटा अधिक असतो, आणि तो सोसावा लागतो पुन्हां त्याच मुलीला. प्रमाणपत्र कांहीं दारावर टांगावयाचें नसतें. तें कार्यालयाच्या कामापुरतें दाखवावयाचें. आणि ज्या मुलीनें आपली अडचण शांतपणें सांगून, आपले पूर्ण गुण मिळवून पदवी घेतली, तिच्यापाशीं स्वतःची उपजीविका असते व ताठ मान असते. तिच्या धाकट्या भावंडांच्या लग्नांत खोडा पडेल म्हणून तिचे चार तास तीन करावे, हें कोणत्याहि सुजाण घरास शोभणारें नाहीं.

वाचकहो, आपल्या घरांत असें मूल असेल तर या रविवारीं जेवणें उरकल्यावर त्याला जवळ बसवावें, आणि "तुला कॉलेजांत काय जड जाईल?" असें सरळ विचारावें. तें बोलूं लागेल तेव्हां मध्यें कोणी बोलूं नये. तें सांगेल तें आजोबांनीं कागदावर उतरून घ्यावें. अर्जाचा निम्मा मजकूर त्यांतच तयार होईल. उरलेला निम्मा त्याला स्वतः लिहूं द्यावा.